थांबलेली मिल, बंद मिल

चि. सोनू हिस,


हंगाम आटोपला आणि यंदाच्या ऑफ सीझनला मिल हाउसचं ओव्हरहॉलिंग तुझ्याकडे सोपवलंय, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. मिल हाउसात पोरगी काय करणार, असं म्हणणारे तुझ्या कारखान्यातही असतील. त्यांना तुझं काम उत्तर देईल. मी लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. हंगामभर तू यंत्रं सांभाळलीस. आता दसऱ्यापर्यंत त्याच यंत्रांच्या पोटात उतरणारी माणसं तुला सांभाळायची आहेत.

चालत्या मिलचा धाक सगळ्यांनाच असतो. तो आवाज, पायाखालची थरथर, रोलरमध्ये ओढला जाणारा ऊस बघितला की नवखा हेल्परसुद्धा दोन हात लांब उभा राहतो. गाळप संपून मिल थांबली की हा धाकही जातो. माणसं रोलरला टेकून डबे उघडतात, कॅरियरच्या पट्ट्यांवरून चालत जातात, गियरबॉक्सच्या झाकणातून खांद्यापर्यंत हात घालतात. माझं तुला सांगणं एवढंच आहे की थांबलेली मिल आणि बंद मिल यांत फरक आहे. आत गेलेल्या माणसाच्या मर्जीशिवाय जी कोणालाही सुरू करता येत नाही आणि जिच्यात कुठेही जोर दबा धरून बसलेला नाही, ती बंद मिल. बाकी सगळ्या फक्त थांबलेल्या.

दबा धरून बसलेला जोर कसा असतो ते तुझ्याच मिलवर बघ. टॉप रोलरवर हायड्रॉलिकचा दाब असतो. पंप बंद केला, गेज वाचायला कोणी नाही, म्हणून दाब गेला असं होत नाही. अ‍ॅक्युम्युलेटरच्या बाटलीत नायट्रोजन भरलेला असतो आणि तो तेल दाबूनच ठेवतो. हेडस्टॉकच्या टोपीचा पहिला नट सैल करण्याआधी तेल पूर्ण सोडलं का, गेजचा काटा शून्यावर आला का आणि गेज मुळात चालू आहे का, हे तिन्ही तू स्वतः बघायचं. तसाच चढावर उभा असलेला केन कॅरियर. साखळीची एक पिन काढली की पट्ट्यांचं सगळं वजन उताराकडे धावतं. त्याला आधी बांधून घ्यावं लागतं.

ऊस कुटणाऱ्या फायब्रायझरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका कारखान्यात हॅमर बदलायचं काम चाललं होतं. मोटरची केबल सोडलेली, फ्यूज इलेक्ट्रिशियनच्या खिशात. विजेच्या बाजूने काहीच चूक नव्हती. फिटरने सोयीचं म्हणून समोरच्या एका बाजूचे हॅमर ओळीने काढत आणले. रोटरची मागची बाजू जड होत गेली. शेवटची पिन ठोकून बाहेर काढली आणि काही टनांचा तो रोटर स्वतःच्याच वजनाने पाव फेरा फिरला. आवाज जवळजवळ झालाच नाही. फिटरची दोन बोटं हॅमर आणि केसिंगच्या मध्ये सापडली. वीज नव्हती, वाफ नव्हती, होतं ते फक्त वजन. तिथे रोटरला दोन्ही बाजूंनी पाचर मारून जखडायला हवं होतं आणि हॅमर समोरासमोरच्या जोड्यांनी काढायला हवे होते. म्हणून काम सुरू करण्याआधी मनाशी विचारायचं: यात वीज कुठून येते, वाफ कुठून येते, दाब कुठे साठलाय आणि कोणतं वजन कुठे घसरू शकतं? चौथा प्रश्न हमखास राहून जातो.

आता कुलपाचं. एमसीसीत, म्हणजे मोटरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, ब्रेकर पाडून वर ‘काम चालू आहे’ अशी पाटी अडकवायची पद्धत तुमच्याकडेही असेल. पाटी असावीच, पण पाटी पडते, दुसरीकडे अडकवली जाते, रात्रीच्या अंधारात वाचली जात नाही. कुलूप पडत नाही. जेवढी माणसं आत, तेवढी कुलपं एकाच ब्रेकरवर. त्यासाठी सहा भोकांचा हॅस्प मिळतो, किंमत किरकोळ आहे. प्रत्येकाची चावी ज्याच्या त्याच्या खिशात. मुकादमाने सगळ्यांच्या वतीने एकच कुलूप लावलं, असं चालू द्यायचं नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा जीव स्वतःच्या खिशात ठेवता आला पाहिजे, मग तो ठेकेदाराच्या टोळीतला काल आलेला पोरगा का असेना. त्याला मराठी येत नसेल तर हिंदीत सांग, पण सांग. कुलूप लावून झालं की स्टार्टचं बटण एकदा दाबून बघायचं. मोटर हलली नाही तरच काम सुरू. चुकीच्या ब्रेकरला कुलूप लागलेलं असेल तर ते या एका दाबण्यातच कळतं. मिल टर्बाइनवर असेल तर वाफेच्या व्हॉल्वला साखळी आणि कुलूप हवंच, शिवाय लाइनमध्ये ब्लाइंडही हवा. जुना व्हॉल्व पास होतो हे तुला मी सांगायला नको.

1988 सालच्या 6 जुलैची पायपर अल्फाची हकिकत तुम्हाला कॉलेजात शिकवली असेल, पण ती आता पुन्हा वाच. स्कॉटलंडजवळच्या उत्तर समुद्रात तेल आणि वायू काढणारा तो प्लॅटफॉर्म. कंडेन्सेटचे दोन पंप होते. त्यातला एक दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला, आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व तपासणीसाठी काढून तिथे नुसती ब्लाइंड फ्लँज बसवलेली. व्हॉल्वचं काम दिवसपाळीत पुरं झालं नाही. रात्री चालू पंप ट्रिप झाला आणि पुन्हा सुरू होईना. रात्रपाळीने कागद चाळले. पंपाच्या दुरुस्तीचं परमिट सापडलं. ती दुरुस्ती अजून सुरूच झालेली नव्हती, तेव्हा पंप घ्यायला हरकत नाही असं त्यांनी ठरवलं. व्हॉल्व काढल्याचं परमिट वेगळं होतं, ते त्यांच्यासमोर आलंच नाही. पंप सुरू केला, फ्लँजमधून वायू सुटला आणि रात्री दहाच्या सुमाराला पहिला स्फोट झाला. 167 माणसं गेली. लॉर्ड कलन यांनी चौकशी केली, 1990 मध्ये त्यांनी 106 शिफारशी केल्या. कामाचं परमिट आणि पाळी बदलताना होणारी देवघेव यांतल्या ढिलाईवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं.

या हकिकतीचा आपल्याशी संबंध काय, असं म्हणू नकोस. तिथे जे कागदावर राहिलं, ते आपल्याकडे तोंडी राहतं. ‘अण्णांना सांगितलंय’, ‘रात्रीच्या फिटरला माहीत आहे’, ही वाक्यं तुझ्या कानावर रोज पडतील. पाळी बदलताना ऑफिसात रजिस्टरवर सही करून कोणाला सोडू नकोस. दोन्ही पाळ्यांचे फिटर यंत्रापाशी उभे करायचे, काय उघडं आहे त्यावर हात ठेवून दाखवायचं आणि जाणाऱ्याने कुलूप काढायच्या आधी येणाऱ्याने स्वतःचं लावायचं. पाच-सात मिनिटं जातात. जाऊ देत.

उचलाउचलीचं काम खलाशांचं. त्यांचा अनुभव तुझ्या पदवीपेक्षा मोठा आहे, त्यांचा मान ठेव. तरी हिशेब तुझा. मोठ्या मिलचा एक रोलर दहा-पंधरा टनांच्या घरात जातो. दोन पायांच्या स्लिंगने दहा टन उचलताना स्लिंग जमिनीशी साठ अंशांत असेल तर एकेका पायावर पावणेसहा-सहा टन येतात. हूक खाली आणून तोच कोन तीस अंशांचा केला की प्रत्येक पायावर अख्खे दहा टन. वर जागा कमी पडते म्हणून खलाशी कोन चपटा करतात आणि दोरखंड तुटला की दोष दोरखंडाला देतात. चेनपुली एका माणसाच्या हाताला जड जात असेल तर दुसरा माणूस ओढायला लावायचा नाही, थांबून वजन तपासायचं. जॅकवर उचललेल्या वजनाखाली कोणीही हात घालायचा नाही. उचललं की लगेच खाली लाकडी स्लीपर रचायचे आणि वजन स्लीपरवर उतरवायचं. उचलायच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी 1948 च्या कारखाने अधिनियमाने सक्तीची केली होती, ते प्रमाणपत्र कुठे आहे ते शोध. खंडेनवमीला ज्या चेनपुलीला हार घालाल, तिचा हूक उघडलाय का, हे ओव्हरहॉलिंगच्या पहिल्याच आठवड्यात बघितलेलं असू दे.

वेल्डिंगचं थोडक्यात लिहितो. मिल हाउसात कोपऱ्याकोपऱ्यात बगॅस साठलेला असतो. ठिणगी त्यात पडली की लगेच पेटत नाही, धुमसत राहते आणि सगळे घरी गेल्यावर पेट घेते. काम संपल्यावर पाण्याची नळी घेऊन एक माणूस तासभर तिथेच बसायला हवा. आणि बॉयलरच्या ड्रममध्ये किंवा इव्हॅपोरेटरच्या बॉडीमध्ये गुदमरायला होतंय म्हणून कोणी ऑक्सिजनची नळी आत सोडत असेल तर ताबडतोब बंद कर. ऑक्सिजन वाढला की अंगावरचे कपडे एका ठिणगीत पेटतात. हवा द्यायची ती ब्लोअरने.

बंदिस्त जागेची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. इव्हॅपोरेटरची बॉडी, बॉयलरचा ड्रम, मळीची टाकी. मिल हाउसवाली असलीस तरी मनुष्यबळ कमी पडलं की तुझी माणसं तिकडे पाठवली जातील, आणि पाठवतो कोणीतरी तोंडीच. मळीच्या टाकीत तळाशी उरलेली मळी आंबते, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशीच बसतो. त्याला रंग नाही आणि नाकाला सावध करील असा वास नाही. वरून डोकावणाऱ्याला काही जाणवत नाही, शिडीने तळाला पोचलेला माणूस मात्र कोसळतो. त्याला पडलेला पाहून दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संशोधन संस्थेने 1986 मध्येच नोंदवलं होतं की अशा जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले असतात. आपल्या वर्तमानपत्रांतल्या बातम्याही तशाच असतात. बहुतेक वेळा एकाच घरातली, एकाच गावातली माणसं.

हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. मीटरवर 19.5 च्या खाली आकडा दिसला तर कोणीही उतरायचं नाही, आणि मीटर दोरीने तळापर्यंत सोडून वाचायचा, मॅनहोलच्या तोंडाशी नाही. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत पुरेशी नाही. आत दिवा 24 व्होल्टचाच हवा, हेही 1948 च्या त्याच अधिनियमात आलेलं होतं. उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस, त्याचा दोर वर ट्रायपॉडला, आणि मॅनहोलपाशी एक माणूस, ज्याला दुसरं कोणतंही काम दिलेलं नाही. त्या बाहेरच्या माणसाला आधीच बजावून ठेव: काही झालं तरी आत जायचं नाही, दोर ओढायचा आणि ओरडायचं. जिवाभावाचा सोबती डोळ्यांसमोर कोसळत असताना बाहेर थांबणं फार कठीण असतं. म्हणून ते त्या घडीला ठरवायला त्याच्यावर सोपवू नये.

राष्ट्रीय सुरक्षा दिन 4 मार्चला असतो. आपल्याकडे तेव्हा बहुधा गाळप चालू असतं. सगळे शपथ घेतात, बिल्ले लावतात आणि महिन्याभरात मिल उघडायला घेतात. ती शपथ ऑफ सीझनच्या पहिल्या दिवशी, ठेकेदाराच्या माणसांना समोर उभं करून पुन्हा घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. तुझ्या चीफना सुचवून बघ.

सप्टेंबर उजाडला की बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरेल, पत्रिका छापल्या जातील आणि तुझ्याकडे ‘किती दिवसांत देता?’ असा तगादा सुरू होईल. तेव्हा कोणी म्हणेल, परमिट मागाहून करू, आधी रोलर बसवून घ्या. सही तुझी असेल, म्हणून नाही म्हणायचा अधिकारही तुझाच आहे. राहिलेली कामं आणि लागणारे दिवस जुलैअखेरीलाच लेखी देऊन ठेव, म्हणजे शेवटच्या आठवड्यात कोणाला अचंबा वाटणार नाही.

आणि एक काम उद्याच कर. स्टोअरमध्ये जाऊन कुलपं मोज. मिल हाउसात ठेकेदाराची धरून जेवढी माणसं काम करणार आहेत, तेवढी कुलपं नसतील तर लगेच मागणीपत्र टाक. ती हातात येईपर्यंत मिल नंबर एक उघडू नकोस.

तुझा,
मामा