काटा हलत नाही तेव्हा

चि. छकुली,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, माझ्यातच दम नाही." ते ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर तू मला पुरतं बोलू दिलं नसतंस, म्हणून लिहायला बसले.

84 किलोवरून तू 75 वर आलीस आणि गेले दोन महिने काटा तिथेच आहे. दम नसलेल्या माणसाचं वजन नऊ किलोंनी उतरत नाही, हे तर झालंच. पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. काटा हलला नाही त्या दोन महिन्यांत तू पहिल्या महिन्यापेक्षा जास्त कष्ट घेतलेस. तुझं मन राखायला हे लिहीत नाही. इतकी वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, त्याच्या आधारावर लिहिते आहे.

आधी पहिल्या पंधरवड्याचं. तेव्हा जे भराभर उतरलं, त्यात पाणी बरंच होतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी केलं की साठा उतरतो आणि पाणी निघून जातं. त्या वेगाशी आजची तुलना करू नकोस. हेच पाणी पाळीच्या आधी किंवा लोणचं-पापड झाल्यावर परत धरलं जातं आणि उतरलेली चरबी काट्यावर दिसू देत नाही.

आता खरी गोष्ट. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणारे केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 साली एक सुरेख काम प्रसिद्ध केलं. मधुमेहावरचं एक औषध आहे, ते घेतलं की रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर पडते. रोज काही कॅलरी अशा निघून जातात आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. डाएट नाही, निश्चय नाही. तरी त्या लोकांचं वजन थोडं उतरलं आणि मग थांबलं. का थांबलं? कारण नकळत त्यांचं खाणं वाढलं होतं. हिशेब निघाला तो असा: घटलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण 20 ते 30 कॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र सुमारे 100 कॅलरींनी वाढते. सरासरीचे आकडे आहेत, माणसागणिक बदलतील. तरी तुझ्या नऊ किलोंना लावून बघ. खर्च दोन-सव्वादोनशेने घटला आणि भूक आठ-नऊशेने वाढली. ही वाढलेली भूक रोज सकाळपासून रात्रीपर्यंत तुझ्याबरोबर असते. रस्सीखेचीत समोर दोन गडी वाढले आणि दोर जागचा हलला नाही, तर आपल्या बाजूने जोर कमी लागला असं कोणी म्हणेल का?

रात्री अंथरुणात पडून बासुंदीचे नि बिर्याणीचे व्हिडिओ बघत बसतेस, हे तू किती शरमून सांगितलंस! 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. युद्धानंतर उपासमारीतून वाचलेल्यांना सावरायचं कसं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. ते तरुण स्वतःहून आलेले, मनाचे खंबीर. काही आठवड्यांत त्यांच्यातले कित्येक जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. आधी स्वयंपाकाशी ज्यांचा काही संबंध नव्हता, तेसुद्धा. तुझी उपासमार झालेली नाही, देवाची कृपा. पण उणिवेत असलेलं शरीर मनाला अन्नाकडे वळवतं, हे त्या प्रयोगाने लख्ख दाखवलं. यात तुझ्या चारित्र्याचा काही प्रश्नच नाही. आणि म्हणूनच, आता रात्रीचं जेवण बंद करते म्हणालीस ना, ते अजिबात करू नकोस. भूक आधीच वाढलेली असताना आणखी उपाशी राहिलीस, तर चार दिवसांत सगळं सुटेल.

मग करायचं काय? पहिल्यांदा स्वयंपाकघर बघ. वाढलेली भूक ताटातल्या भाकरीवर दिसत नाही, ती हाताच्या अंदाजात शिरते. फोडणीची पळी कढईवर जराशी जास्त कलते. काकडीच्या कोशिंबिरीत शेंगदाण्याचा कूट मुठीने पडतो आणि मूठ दर महिन्याला थोडी मोठी होते. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी, 30 ग्रॅम दाणे म्हणजे 170. तेवढ्यात तुझी दिवसाची बचत संपली. एक आठवडा फक्त या दोन गोष्टी मोजून घे, बाकी काही बदलू नकोस. दोन्ही वेळच्या जेवणात उसळ, अंडं, दही यांतलं काहीतरी भरपूर असू दे. आठवड्यातून दोनदा वजनं उचल, म्हणजे चरबीबरोबर स्नायू जाणार नाहीत. झोपेला कात्री लावू नकोस. बस, एवढंच.

आणि हे सगळं करूनही काटा आणखी महिनाभर 75 वरच राहिला तर? तर राहू दे. मी हे अगदी मनापासून सांगते. आपण हा खटाटोप कशासाठी मांडला ते आठव. तुझी साखर काठावर आली होती आणि मधुमेहाने झालेल्या ताईच्या पायाच्या जखमेचे ते सहा महिने तू उशाशी बसून काढले होतेस. तुला मधुमेह होऊ नये, म्हणून. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी अशाच काठावरच्या भारतीयांचा तीन वर्षं अभ्यास केला, 2006 साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार आणि चालणं सांभाळलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं. आणि त्या गटाचं वजन म्हणण्यासारखं उतरलंच नव्हतं! मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. काटा गप्प होता आणि आत काम चालू होतं.

तुझ्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी किती वर्षांपासून दाखवून दिलंय की आपल्या लोकांत बेताच्या वजनातही चरबी जास्त असते, आणि ती पोटाशी. म्हणून शिंप्याची टेप आण. महिन्यातून एकदा, सकाळी, श्वास सोडून कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. तुझा घेर 97 चा 88 झालाय, हे तूच सांगितलंस आणि लगेच वजनाचं रडगाणं सुरू केलंस. पर्वतीच्या 103 पायऱ्या आता न थांबता चढतेस, तेही असंच ओघात बोलून गेलीस. पर्वती सोडू नकोस. उत्साह असेल त्या दिवशी जा, नसेल त्या दिवशीही त्याच वेळी चपला घाल. उत्साह येतो नि जातो, त्याच्या भरवशावर एवढं मोठं काम ठेवू नये.

तीन महिन्यांची साखर, म्हणजे ती एचबीएवनसी, या महिन्यात करायची आहे ना? चुकवू नकोस. त्याच रक्तात थायरॉइडही बघायला सांग, तुझ्या आजीला होता. रिपोर्ट आला की आधी मला आकडे कळव, मग काट्याकडे बघ. ताईला म्हणावं, कुटाच्या डब्यात मोजायचा चमचा ठेवायला मी सांगितलंय. ती चिडेल, पण ठेवेल.

तुझी,
मावशी