युरोपातल्या रोमा वस्तीत इंग्रजी शिकवताना

‘इथं आपल्या वस्तीत मुलांना शिकवायला माणूस मिळत नाही, आणि तुम्ही निघालात युरोपात समाजसेवा करायला?’ हंगेरीला जायचं ठरलं तेव्हा चळवळीतल्या एका ज्येष्ठ दादांनी आम्हाला विचारलं. प्रश्न रास्त आहे. परदेशात स्वयंसेवक म्हणून जाणं हे पुष्कळदा सुखवस्तू घरातल्या तरुणांचं पर्यटन असतं. दोन आठवडे जायचं, गरीब मुलांकडून एबीसीडी म्हणून घ्यायची, रंगपेट्या वाटायच्या, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि बायोडाटात एक ओळ वाढवायची. मुलं होती तिथंच राहतात. म्हणूनच दादांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

आम्ही गेलो ते ईशान्य हंगेरीतल्या बोर्शोद भागात, रोमा मुलांच्या एका तनोदात. तनोदा म्हणजे शाळा सुटल्यावर चालणारा अभ्यासवर्ग. तिकीट आमच्या खिशातून, राहणं-जेवण तिथल्या मंडळींकडे, मुक्काम सहा महिने. काम होतं ८ ते १४ वर्षांच्या मुलांना इंग्रजी आणि चित्रकला शिकवण्याचं.

रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालेलं आहे. युरोपातल्या अनेक भाषांत त्यांना ‘त्सिगान’ किंवा त्याच्या जवळचं नाव आहे. या नावाचं मूळ ‘अथिंगानोई’ या ग्रीक शब्दात असल्याचं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. मुळात ते एका पंथाचं नाव. त्याचा अर्थ काय, तर न शिवणारे, अस्पृश्य. यावरून काही जण उत्साहात सांगतात की रोमा म्हणजे आपलेच हरवलेले दलित. तसा पक्का पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. नातं रक्तात शोधायचं काम जातिव्यवस्थेचं आहे. आपल्याला परिस्थितीचं नातं पुरेसं आहे.

ती परिस्थिती पाहा. २९ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं हंगेरीविरुद्ध निकाल दिला. दोन रोमा मुलांना बौद्धिक अपंग ठरवून विशेष शाळेत घातलं होतं, आणि हा भेदभाव होता असं न्यायालयानं म्हटलं. ग्योंग्योशपता गावच्या शाळेत रोमा मुलांना वर्षानुवर्षं वेगळं बसवलं जात होतं. २०२० मध्ये हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांची नुकसानभरपाई कायम केली, तर पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी त्या भरपाईला जाहीर विरोध केला होता. वर्गाबाहेर बसून शिकलेल्या बाबासाहेबांची लेकरं आपण. यातलं काय आपल्याला समजावून सांगावं लागतं?

वर्गात मात्र आमची अडचण साधी होती. मुलांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला हंगेरियन येत नव्हतं. तिथं चित्रकला कामाला आली. मुलांनी चेहरा काढायचा आणि नाव लिहायचं. बहुतेक मुलांच्या घरात आता फक्त हंगेरियन बोलतात, रोमानी भाषा मागच्या पिढ्यांत राहून गेली आहे. म्हणून आम्ही तक्त्यावर चार रकाने केले: इंग्रजी, हंगेरियन, रोमानी, मराठी. रोमानीत नाकाला ‘नख’, कानाला ‘कान’, पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मनुश’. मुलं आधी हसली, मग घरी जाऊन आजीकडून शब्द आणायला लागली. ज्या भाषेची लाज वाटायला शिकवलं गेलं, तिचा तक्ता इंग्रजीच्या शेजारी भिंतीवर लागला. मग इंग्रजीची भीतीही जरा कमी झाली.

एकदा ‘आपला रस्ता’ काढायला सांगितलं. चार-पाच मुलांनी निळ्या रंगाचा हातपंप काढला आणि त्यापुढे बादल्यांची रांग. अनेक रोमा वस्त्यांत पाणी अजून रस्त्यावरच्या पंपावरूनच भरावं लागतं. याच भागातल्या ओज्द शहरात ऑगस्ट २०१३ मध्ये, ऐन उष्णतेच्या लाटेत, नगरपालिकेनं काही सार्वजनिक नळ बंद केले आणि अनेक नळांचा दाब कमी केला होता. फटका बसला तो मुख्यतः रोमा वस्त्यांना. त्या दिवशी आम्ही मोडक्या इंग्रजीत, फळ्यावर चित्रं काढत, २० मार्च १९२७ चं महाडचं चवदार तळं सांगितलं. एका मुलीनं दुभाष्या ताईमार्फत विचारलं, ‘ते पाणी प्यायल्यावर त्यांना मारलं का?’ आम्ही सांगितलं, मारलं. ती म्हणाली, ‘तरी परत आले?’ आम्ही सांगितलं, त्याच वर्षी डिसेंबरात परत आले. तिनं मान डोलावली आणि पंपाच्या चित्रात आणखी माणसं काढायला घेतली.

बाबासाहेब तिथं आम्ही नेले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. देर्दाक तिबोर आणि ओर्शोश यानोश या कार्यकर्त्यांनी जय भीम नेटवर्क उभं करून २००७ मध्ये शायोकाझा गावात रोमा तरुणांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावानं शाळा काढली. शाळेतून गळालेल्यांना मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत नेणं हे तिचं काम. त्या परीक्षेत एक परकीय भाषा सक्तीची आहे. मुलांच्या दृष्टीनं इंग्रजीचा अर्थ हा आहे: एक पेपर, ज्याच्यावर पुढचं सगळं अडतं. सावित्रीमाईंनी इंग्रजी शिका म्हणून सांगितलं, त्यामागेही हाच हिशेब होता.

म्हणून दादांना आमचं उत्तर असं. जावं, पण अटींवर. आपल्या वस्तीत वर्षभर अभ्यासिका चालवलेली नसेल, तर परदेशात शिकवायला जाऊ नये. सहा महिन्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर मुलांना लळा लावू नये. त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय फोटो काढू नये. शिकवणं त्यांच्या शाळेच्या परीक्षेला जोडलेलं असावं. आणि पहिल्या महिन्यापासून तिथल्याच एखाद्या तरुणाला सोबत घ्यावं, म्हणजे आपण निघाल्यावर वर्ग बंद पडत नाही. आमच्या वर्गातली दुभाषी ताई आज तो वर्ग घेते.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या निवेदनाची प्रत मागवली होती. जगातल्या दुसऱ्या पीडितांकडे बाबासाहेबांनी असं पाहिलं: त्यांच्या लढ्यातून काय घेता येईल, हा प्रश्न घेऊन. आमच्या तरुणांनी परदेशात पदवीसाठी जरूर जावं, पण तिथल्या वेशीबाहेरच्या वस्तीचा रस्ताही विचारावा. आम्ही तिथून आणलेला चार रकान्यांचा तक्ता आता आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर आहे. दादा येऊन पाहून गेले. पुढच्या रविवारपासून त्यांनी गणित शिकवायला यायचं कबूल केलं आहे.

जय भीम!