पेद्रूला फिरवून आणताना

आमच्या घरी दहा महिने एक माकड राहत होते. त्याचे नाव पेद्रू. अंगाने कापडी, रंगाने तपकिरी, उंचीने दीड वीत. एक डोळा मूळचा आणि दुसरा शर्टाच्या बटणाचा. हात मात्र शरीराच्या मानाने फारच लांब, आणि दोन्ही तळव्यांना वेल्क्रोच्या पट्ट्या शिवलेल्या. तळवे एकमेकांवर दाबले की स्वारी आपल्या गळ्यात मिठी मारून बसे, ती ओढून काढीपर्यंत हलत नसे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, पती-पत्नी. दोघांच्या वयांची बेरीज एकशे एकेचाळीस. घर निर्मळ गावात, मागे अकरा गुंठ्यांची वाडी, वाडीच्या टोकाला बावखल. पेद्रू आमचा नव्हे, नातीचा. २०२३च्या जूनमध्ये मुलगा आणि सून तिला घेऊन कॅनडाला, टोरांटोजवळच्या एका गावी, राहावयास गेले. निघताना गाडीत बसलेल्या नातीने खिडकीतून पेद्रू आमच्या हाती दिला आणि सांगितले, “मी येईपर्यंत ह्याला रोज फिरवून आणा. घरात ठेवला की तो खोड्या करतो.” सहा वर्षांच्या मुलीने आपले सर्वस्व काढून द्यावे आणि आपण “हो बाय” एवढेच म्हणावे, असा तो प्रसंग होता.

पहिले तीन-चार महिने आम्ही तो हुकूम पाळला नाही. पावसाचे कारण होतेच. खरे कारण लाज. ह्या वयात कापडी माकड घेऊन गावातून चालायचे म्हणजे लोक काय म्हणतील! परंतु दर रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिच्याकडे सकाळी, फोनवर तिचा चेहरा दिसे आणि पहिला प्रश्न येई, “पेद्रू कुठे कुठे गेला?” थापा मारून आम्ही थकलो. मग कापडी पिशवीत घालून त्याला नेऊ लागलो. पिशवीच्या तोंडातून त्याचे डोके बाहेर राही. गावातल्या पोरांनी ते दोन दिवसांत हेरले. त्यानंतर लपविण्यासारखे काही उरले नाही, आणि पेद्रू उघडपणे आमच्या गळ्यात बसून फिरू लागला.

त्याच्या खोड्यांचे मूळ त्या तळव्यांत होते. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा एक स्विस अभियंता १९४१ साली कुत्र्याला घेऊन रानात फिरून आला, तेव्हा त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी बोंडे चिकटली होती. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बारीक आकडे दिसले, आणि त्यातून पुढे वेल्क्रो जन्मले. आपल्याकडे बांधावरचा आघाडा धोतराला आणि लुगड्याला पिढ्यान्‌पिढ्या चिकटत आला, पण आपण तो झटकून टाकला, एवढाच फरक! फिरावयास निघालेल्या एका माणसाच्या आणि कुत्र्याच्या अंगावरून आलेली ही युक्ती आमच्या माकडाच्या हाती पडली होती, आणि तो तिचा पुरेपूर उपयोग करी.

एकदा अर्नाळ्याच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांच्या खांद्यावरील टॉवेलला त्याने हात लावला. ते त्यांच्या थांब्यावर उतरले, आणि पाठीवर लोंबकळत पेद्रूही उतरला. आम्हांला कळेपर्यंत बस सुटली होती. पुढच्या थांब्यावर उतरून, उन्हात मागे चालत येऊन आम्ही त्याला एका चहाच्या टपरीवर गाठले. गृहस्थ चहा पीत होते आणि पेद्रू अजून पाठीवरच. त्याच दिवशी बंदरावर, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या शेजारी, पसरलेल्या जाळ्यात त्याचे दोन्ही हात अडकले. कोळणीने जाळे न फाडता त्याला सोडविले आणि म्हणाली, “आजोबा, ह्याला सांभाळा. माझ्या बोंबलांवर डोळा हाय ह्याचा.” आम्ही तिची क्षमा मागितली. पेद्रूने मागितली नाही.

परंतु आमच्या मनात राहिल्या आहेत त्या २०२४च्या फाल्गुनातल्या फेऱ्या. वसंत आपल्या किनाऱ्यावर पाऊल न वाजविता येतो. थंडी तर मुळातच बेताची, त्यामुळे ती गेल्याचेही कळत नाही. एके दिवशी पहाटेच्या वाऱ्यात आंब्याच्या मोहोराचा वास येतो आणि दुसऱ्या दिवशी बावखलाच्या काठावरचा पांगारा, अंगावर एक पान नसताना, टोकाटोकाला लाल होतो. मग मैना, साळुंक्या, कावळे यांची त्यावर जी झुंबड उडते, तिच्यापुढे ईस्टरच्या आदल्या दिवसाचा बाजार फिका! तांबट पक्षी तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा दिवसभर टुकटुकत असतो. पूर्वी या वाड्यांतून रहाटाची कुरकुर ऐकू येई. आता पंपाचा एकसुरी आवाज येतो. आणि निर्मळहून कळंबला जाताना दोन्ही बाजूंच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या मोजीत जावे, तर दर वर्षी मोजणी लवकर संपते. १९९०च्या आसपास हरित वसईच्या चळवळीत आम्हीही घोषणा देत चाललो होतो. तेव्हा पाय दुखत नसत.

कळंबला सुरूची झाडे ओलांडली की मोकळी वाळू लागते. भरतीच्या रेषेच्या वर मर्यादवेल पसरलेली असते. तिची जांभळी फुले सकाळी टवटवीत आणि दुपारी मिटलेली. नावाप्रमाणे ती आपली मर्यादा ओलांडून फारशी खाली उतरत नाही. ओहोटी लागली की बारीक खेकडे बिळांतून येऊन वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालतात. हे सर्व नातीला दाखवावयाचे म्हणून पेद्रूला कधी वेलीत, कधी रांगोळीच्या मध्यभागी बसवून आम्ही फोनने छायाचित्र काढीत असू. वाऱ्याने तो तोंडावर आपटे, आणि तेच छायाचित्र तिला सर्वांत आवडे. कुरव पक्षी हिवाळाभर पांढऱ्या डोक्याने किनाऱ्यावर बसतात. मार्च लागला की त्यांच्या डोक्यावर गडद टोपी चढू लागते, आणि टोपी पुरी झाली की ते उत्तरेकडे निघून जातात. नातीने हे ऐकून विचारले होते, “मग टोपी घालायलाच लावू नका ना त्यांना.”

भरतीचे गणितही आम्ही तिला शिकविले. कोकणातल्या माणसाला त्यासाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढते. ती तिकडे सरोवराकाठच्या गावात, जेथे असली भरती-ओहोटी नाही, बोटांवर पाऊणपट करू लागली. “आजोबा, आज सप्तमी. सव्वापाच.” धुळवडीच्या दिवशी, २५ मार्चला, किनाऱ्यावरच्या पोरांनी पेद्रूच्या उजव्या कानाला गुलाल फासला. धुतला तरी कान गुलाबी राहिला. ईस्टरच्या रविवारी, ३१ तारखेला, पाठविलेल्या छायाचित्रात तो गुलाबी कान आणि मागे फुले झडून पालवी फुटू लागलेला पांगारा, असे दोन्ही आले होते. हे सविस्तर सांगण्यास कारण आहे.

२ एप्रिल, मंगळवार, फाल्गुन वद्य अष्टमी. त्या सकाळी मुलाचा निरोप आला होता. वाडीला चांगले गिऱ्हाईक आहे, तुमच्यानंतर कोण पाहणार, आता निर्णय घ्यावा. त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. वाडी विकू नये असे म्हणणारे आमच्यात एक जण, आणि विकून मोकळे व्हावे असे म्हणणारे दुसरे. कोण कोणते, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. दिवसभर घरात ह्या विषयावर शांतता होती. संध्याकाळी पाचला कळंबला पोहोचलो. पेद्रूला वाहून आलेल्या एका ओंडक्यावर बसविले, पाण्यापासून बरेच वर. अष्टमी, भांगाची भरती, पाणी येऊन येऊन येणार किती! आणि चालता चालता ती शांतता फुटली. चाळीस वर्षांत बोललो नव्हतो असे काही आम्ही त्या वाळूवर एकमेकांना बोललो. “तुमची वाडी” आणि “माझा जन्म” असले शब्द निघाले. चालत कुठवर गेलो ते कळले नाही. परतलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि ओंडक्याची जागा ओली होती. ओंडका दहा-बारा हात सरकून आडवा पडला होता. पेद्रू नव्हता.

आम्ही अंधार पडेपर्यंत शोधले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला राजोडीपर्यंत चालत गेलो, तिसऱ्या दिवशी दक्षिणेस भुईगावपर्यंत. प्लास्टिकच्या बाटल्या, चपला, नारळ, एक बाहुलीचा पाय, हे सर्व मिळाले. किनाऱ्यावरच्या लोकांना विचारावे, तर “काय हरवले?” ह्या प्रश्नाला “माकड” असे उत्तर द्यावे लागे. वाडीचा विषय त्या दिवसांत निघाला नाही.

मग आम्ही जे केले ते सांगताना आजही संकोच वाटतो. रविवारी, ७ एप्रिलला, आम्ही जुनेच एक छायाचित्र पाठविले. त्यात पेद्रू पिशवीत होता, कान दिसत नव्हता. सहा हजार कोसांवरच्या लेकराचे मन एवढ्यासाठी का मोडावे, असे एकमेकांस समजावले. तसलेच माकड दुकानातून आणावे असेही ठरले. वसईत आणि दादरला पाहिले, अस्वले मिळाली. दुसऱ्या रविवारी फोनमध्ये पुन्हा शोधून, मार्चच्या आरंभीचे एक सुरेख छायाचित्र निवडले. बावखलाचा काठ, वर लालभडक पांगारा, खाली पेद्रू हात पसरून.

तिने ते बराच वेळ पाहिले. मग विचारले, “आजी, पांगारा परत कसा फुलला?”

आम्ही काही बोललो नाही.

“फुलं झडली, आता पानं येणार, असं तूच सांगितलं होतंस. आणि त्याचा कान?”

त्यावर आम्ही दोघेही एकदम बोलू लागलो, एकाच वेळी, आणि दोघांनीही खरे ते सांगितले. भांडणासकट. मुलगा तिच्या मागे उभा होता. तो पडद्यावरून बाजूला झाला. नात रडली नाही. रडली असती तर आम्हांला सोपे गेले असते. तिने खाली पाहत बोटे मोजली आणि विचारले, “भरतीत गेला की ओहोटीत?”

“भरती पुरी होऊन पाणी फिरले, तेव्हा गेला असावा.”

“म्हणजे आत गेला.” थोडा वेळ गेला. “तुम्ही रागावलात म्हणून गेला का?”

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हा देता आले नाही. तिनेच पुढे म्हटले की फोटो पाठवायचे थांबवू नका. पेद्रू नाही, तर कशाचे काढायचे, असे आम्ही विचारले. “तो बसायचा त्या जागांचे. मागे सगळं असतंच की. पण जुने नाही पाठवायचे.”

तेव्हापासून दर रविवारी एक छायाचित्र जाते. मर्यादवेलीत एक मोकळी जागा. सुरूच्या खोडापाशी मोकळी जागा. बावखलाच्या काठावरचा दगड. त्यांत माकड नसते, तरी काढताना त्याच्या उंचीएवढे वाकावे लागते, आणि गुडघे तक्रार करतात. वाडीच्या गिऱ्हाइकाला मुलाने काय कळविले ते आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. मध्यंतरी एकदाच त्याचा निरोप आला, पांगाऱ्याचे छायाचित्र मोठ्या आकारात पाठवा. नात आता मोठी होत आहे. तिचा फोन पूर्वी एकही रविवार चुकत नसे. आता कधी शाळेचे काही असते, कधी मैत्रिणीचा वाढदिवस. अशा रविवारी छायाचित्र आम्ही पाठवून ठेवतो. उत्तर मंगळवारी-बुधवारी येते, एका शब्दाचे, आणि कधी कधी नुसत्या एका आकड्याचे. पंचांग उघडून पाहिले की तो त्या दिवशीच्या भरतीचा असतो.

आज षष्ठी आहे. साडेचारची भरती. चहा होताच निघावयास हवे, नाही तर राजोडीच्या बाजूची वाळू पाण्याखाली जाईल. फोन घेतला आहे, पिशवीही घेतली आहे. पिशवी का घेता, असे आम्ही एकमेकांना विचारीत नाही.