उन्हाळा चुकवणारी फुलं

अंगणात लावायचं तर कायमचं झाड लावावं, हे माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. जास्वंद, मोगरा, कण्हेर, पारिजातक: एकदा मूळ धरलं की पूजेच्या फुलांची चिंता मिटली. पाकिटातल्या बियांपासून येणारी हिवाळी मोसमी फुलं ही खानदेशाला न परवडणारी हौस वाटायची. चार दिवस फुलायचं आणि वाळून जायचं, त्यासाठी पाणी का घालवावं? जळगाव-धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. पाणी येण्याच्या दिवसावर घरातली कामं ठरतात.

आज माझं मत उलट आहे, आणि ते बदललं तेही पाण्याच्याच हिशेबाने.

कायमच्या झाडाला उन्हाळा काढावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच पाण्याची ओढ असते. कुंडीतला गुलाब किंवा जास्वंद त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाणी मागते. एक वेळ चुकली की कळ्या गळतात, पानं करपतात. मोगरा निदान उन्हाळ्यात फुलतो तरी. बाकी बहुतेकांना आपण नुसतं जगवत असतो.

दसऱ्याच्या सुमारास टाकलेल्या बियांचं तसं नाही. झेंडू पाच-सहा दिवसांत उगवतो आणि दोनेक महिन्यांत फुलू लागतो. अ‍ॅस्टरला चारेक महिने लागतात. होळीपर्यंत सगळ्यांचं आवरतं. पुढचा सगळा उन्हाळा ही फुलं बी होऊन कागदी पुडीत काढतात, थेंबभरही पाणी न मागता.

शेतात हे शहाणपण कधीपासून आहे. आपली दादर ज्वारी पावसाळा सरताना पेरतात आणि ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीच्या बळावर पिकते. फ्लॉक्सची गोष्ट वाचली तेव्हा मला दादरच आठवली. हे फूल मूळचं टेक्सासचं. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश वनस्पतीसंग्राहकाने १८३०च्या दशकात त्याचं बी तिथून ब्रिटनला पाठवलं. टेक्सासच्या माळावर ते ऑक्टोबरच्या आसपास उगवतं, हिवाळा रोप म्हणून काढतं, वसंतात फुलतं आणि ऊन तापायच्या आत बी धरून मोकळं होतं. ज्याला मी परका नखरा समजत होतो, ते आपल्यासारख्याच तापणाऱ्या मुलखातलं निघालं.

पेरताना घाई मात्र नको. नवरात्रात घटापाशी धान्य रुजत असतं, तेव्हा झेंडू आणि अ‍ॅस्टर टाकायला हरकत नाही. फ्लॉक्स, पिटुनियाला आपल्याकडचा ऑक्टोबरचा उकाडा सोसत नाही. दिवाळीनंतर रात्री गार होऊ द्याव्यात. नुसती काळी माती घेऊ नये. ती वाळली की वर पपडी धरते आणि कोंब आतच अडकतो. म्हणून वाळू आणि चाळलेलं, कुजलेलं शेणखत मिसळावं. पिटुनियाचं बी राखेसारखं बारीक असतं. ते चिमूटभर कोरड्या वाळूत कालवून पसरावं आणि बोटांनी हलकं दाबावं. वरून माती लोटू नये, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. झारीच्या धारेनेही ते वाहून जातं, म्हणून कुंडी थाळीतल्या पाण्यात ठेवावी, म्हणजे ओल खालून वर चढते.

बी घरचं धरावं, पण अ‍ॅस्टरचं दरवर्षी ताजं. जुनं झालं की ते लवकर उगवणशक्ती गमावतं. संकरित झेंडूच्या बियांतून तसंच फूल येईल, याचा भरवसा धरू नये.

जमिनीत रुजलेला पारिजातक मी काढलेला नाही, काढणारही नाही. पण नव्या कुंडीत काय लावू, असं कुणी विचारलं तर मी बियांची पुडी पुढे करतो. पाणी कमी म्हणून फुलं नकोत, हे आता मला पटत नाही. पाणी कमी आहे म्हणूनच आपण फुलं बियांपासून करावीत. दसरा-दिवाळीला पेरावं आणि होळीला मोकळं व्हावं.