पक्का घोडा

आमच्या घरात 'रेस' हा शब्द उच्चारायचा नाही असा अलिखित नियम होता. कारण मामा. पुण्याच्या रेसचा सीझन पावसाळ्यात असतो, आणि मी लहान असताना ते तीन-चार महिने मामा म्हणे कुणाचाच नसायचा. आदल्या रात्री रेसचं पुस्तक आणि पेन्सिल घेऊन बसायचा, दुसऱ्या दिवशी कॅम्पात. शेवटी त्याची स्कूटर गेली, आणि मग त्याने रेस सोडली. निदान आईची गोष्ट एवढीच. त्यामुळे इंग्लंडला ऑनसाइट आलो तेव्हा आईने विमानतळावर थंडी, दारू, बीफ वगैरे सगळ्याबद्दल बजावलं, पण घोड्यांबद्दल काही बोलली नाही. तिला काय माहीत, पोरगं ग्लॉस्टरला चाललंय आणि तिथून चेल्टनहॅम हाकेच्या अंतरावर आहे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या महालक्ष्मीला आणि पुण्याला असते ती फ्लॅट रेस. घोडा पळतो, पोचतो, संपलं. इथे हिवाळाभर चालते ती जंप रेसिंग. वाटेत अडथळे. छोटा अडथळा म्हणजे हर्डल, साडेतीन फुटांचा. मोठा म्हणजे फेन्स, कमीत कमी साडेचार फुटांचा. दोन-तीन मैल पळायचं, हे सगळं ओलांडायचं आणि चेल्टनहॅमला तर शेवटी चढ चढायचा. मार्चमध्ये तिथे चार दिवसांचा फेस्टिवल असतो. त्या आठवड्यात आमच्या क्लायंटच्या ऑफिसात रिलीज वगैरे कोणी ठरवत नाही. आपल्याकडे वर्ल्डकपची फायनल असली की होतं ना, तसंच.

तर मार्च २०२५ मध्ये झालं असं, की ऑफिसातल्या एकाने मला म्हटलं, तू डेटावाला माणूस, यंदा पहिल्या दिवसाचं प्रिव्ह्यू तू लिही. झालं! मामाचं रक्त उसळलं. दोन शनिवार-रविवार घालवले. घोड्यांच्या नावापुढे आकडे आणि अक्षरं असतात, त्याला फॉर्म म्हणतात. १ म्हणजे पहिला आला, २ म्हणजे दुसरा. 'एफ' म्हणजे पडला, 'यू' म्हणजे घोडा उभा पण जॉकी खाली, 'पी' म्हणजे जॉकीनेच मध्ये थांबवला. हे सगळं एक्सेलमध्ये घातलं. अंतर, जमीन किती ओली, ट्रेनर कोण, आधी या कोर्सवर पळालाय का. एवढे कष्ट मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टलाही घेतले नव्हते.

आणि गंमत अशी की एवढं करून निघालं काय, तर जे इथला कुठलाही टॅक्सीवाला सांगत होता तेच. मंगळवारी चार रेसमध्ये चार जबरदस्त फेव्हरिट: कोपेक दे बोर्द, माजबरो, लॉसीमथ, आणि मुख्य रेसमध्ये, म्हणजे चॅम्पियन हर्डलमध्ये, कॉन्स्टिट्यूशन हिल. हा शेवटचा तर दहा रेस पळाला होता आणि दहाही जिंकला होता. त्याचा भाव होता १/२. म्हणजे दोन पाउंड लावा, जिंकला तर वर एक मिळेल. सरळ हिशेबाने, तीनातून दोन वेळा जिंकेल असं बाजाराचं म्हणणं. मी मेलमध्ये चारही नावं लिहिली आणि कॉन्स्टिट्यूशन हिलसमोर रोमन लिपीत झोकात लिहून दिलं, 'पक्का'. चार गोऱ्यांना त्याचा अर्थही समजावून सांगितला.

माझा फ्लॅटमेट नागपूरचा. तीनच महिने झाले होते येऊन, घरी एज्युकेशन लोनचे हप्ते पाठवत होता. आयुष्यात कधी पैज लावली नव्हती. त्याने माझी मेल वाचून चारही घोड्यांची साखळी लावली, चाळीस पाउंड. चारही जिंकले तरच पैसे, एक जरी हरला तरी शून्य.

आता बघा हं. मी तिथे बसून दोन मिनिटांचा गुणाकार करायला हवा होता. प्रत्येकाची शक्यता समजा ६५ टक्के. चौघं जिंकण्याची शक्यता १८ टक्के. पाचात एकदासुद्धा नाही! चार 'जवळजवळ नक्की' गोष्टी एकत्र केल्या की होतं 'बहुतेक नाही'. हे आपण प्रोजेक्ट प्लॅनमध्ये रोज भोगतो, पण घोडा दिसला की विसरतो.

मंगळवारी दुपारी पॅन्ट्रीतल्या टीव्हीसमोर गर्दी. पहिल्या रेसमध्ये कोपेक जिंकला. लोक माझ्या पाठीवर थापा मारतायत. दुसऱ्या रेसमध्ये माजबरो शेवटून दुसऱ्या फेन्सवर भयंकर धडपडला आणि तिसरा आला. साखळी तुटली, चाळीस पाउंड गेले. मग लॉसीमथ आरामात जिंकली. फ्लॅटमेट माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, चारचा पक्का आहे ना?"

मी टीव्हीवरची नजरही न काढता म्हणालो, "डोळे झाकून लाव."

सात घोडे, आठ हर्डल. पाचव्या हर्डलवर कॉन्स्टिट्यूशन हिल पडला. खोलीतून एकच 'ओह' असा आवाज. मग २०२४ चा चॅम्पियन स्टेट मॅन पुढे निघाला, चांगलं अंतर घेतलं, आणि शेवटच्या हर्डलवर तोही पडला! मागून २५/१ भावाची गोल्डन एस येऊन जिंकली. सगळे वेड्यासारखे हसत होते, की अशी रेस आयुष्यात पाहिली नाही. रिसेप्शनवरच्या आजीबाईंनी एकच विचारलं, "घोडे उठले का?" दोघंही उठले होते. इथे घोडे मरतातही. तो प्रश्न मला सुचला नव्हता याची लाज वाटली. मी मनात एक्सेल चाळत होतो.

फ्लॅटमेट दिसला नाही. रात्री घरी गेलो तर भात लावून बसला होता. म्हणाला, "तीनशे." त्याच्या वाट्याचं भाडं चारशे. रागावला असता तर बरं झालं असतं. "तुमची काय चूक भाऊ, घोडा पडला," एवढंच म्हणाला आणि वरण वाढलं.

चूक काय झाली ते मला त्याच रात्री कळलं होतं, पण फक्त तांत्रिक. माझ्या शीटमध्ये 'पडण्याची शक्यता' असा कॉलम होता आणि कॉन्स्टिट्यूशन हिलपुढे शून्य होतं. दहा वेळा पडला नाही म्हणून शून्य. सर्व्हर आजपर्यंत बंद पडला नाही म्हणजे पडणारच नाही, असं म्हणणाऱ्या मॅनेजरला मी हसतो. असो.

रविवारी न राहवून मामाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मध्येच "जमीन ओली होती का?" वगैरे विचारत होता. मग म्हणाला, "तू स्वतः किती लावले होतेस?"

"दहा पाउंड."

"आणि त्या पोराने तीनशे. तुझ्या शब्दावर."

मी गप्प.

"तुला काय वाटतं, मी रेस का सोडली?"

"स्कूटर गेली म्हणून ना?"

"स्कूटर परत घेता येते रे. आपल्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. त्यांना मी एक घोडा दिला होता, पक्का म्हणून. त्यांनी पोरीच्या क्लासची फी लावली. मी किती लावले होते माहितेय? काहीच नाही. माझे पैसे आधीच संपले होते. काका कधी एक शब्द बोलले नाहीत. पण जिन्यात समोर आलो की बाजूला होऊन मला वाट द्यायचे. मोठा माणूस, मला वाट द्यायचा! घोडा पडतो, जॉकी पडतो, पैसे लावणारा पडतो. नाव सांगणाऱ्याला कधी खरचटत नाही. त्या जिन्यापायी सोडली मी रेस."

त्या महिन्याचं पूर्ण भाडं मी भरलं. फ्लॅटमेटने नको नको म्हणत तीन हप्त्यांत परत केलं. मी घेतलं, कारण न घेणं म्हणजे त्याला अजून लहान करणं झालं असतं.

एप्रिलमध्ये एन्ट्रीची ग्रँड नॅशनल आली. परत मेल लिहिण्याचा आग्रह झाला. लिहिली, पण वेगळी. ३४ घोडे, ३० फेन्स, सव्वाचार मैलांहून जास्त अंतर. प्रत्येकापुढे दोन आकडे: जिंकण्याची शक्यता आणि शेवटपर्यंत पोचण्याची शक्यता. कुणालाच जिंकण्याचे पंधरा टक्केसुद्धा दिले नव्हते. सगळ्यात वर ठळक अक्षरांत: मी स्वतः लावलेली रक्कम, पाच पाउंड, यातलं काहीही पक्कं नाही. लोकांनी सांगितलं की मेल कंटाळवाणी आहे. त्याच गुरुवारी, एन्ट्रीच्याच दुसऱ्या एका रेसमध्ये, कॉन्स्टिट्यूशन हिल पुन्हा पडला. शनिवारी नॅशनल जिंकला निक रॉकेट, ३३/१, वर ट्रेनरचाच मुलगा, हौशी जॉकी. माझ्या यादीत तो बराच खाली होता. माझे पाच पाउंड गेले. फ्लॅटमेटने रंग आवडला म्हणून एका घोड्यावर दोन पाउंड लावले होते, तेही गेले. त्या दिवशी आम्ही दोघं मनापासून हसलो.

ती मेल मी मामालाही पाठवली होती. त्याचं उत्तर आलं: "छान. पाच पाउंड म्हणजे किती रुपये रे? आणि आईला सांगू नकोस."