वीस दारांची हळद

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीस मजली इमारत, पाचशे चौरस फुटांचं घर, स्वतःचं न्हाणीघर. त्यातल्याच एका घरी तिघी मैत्रिणी जमल्या. एक तिथलीच, एक डोंबिवलीहून आलेली, एक नालासोपाऱ्याहून. तिघींनीही साठी ओलांडलेली, आणि तिघींचा जन्म एकाच चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरचा. नालासोपाऱ्याचीने घर पाहिलं, कौतुक केलं, मग दार उघडून ती लिफ्टसमोरच्या जागेत जाऊन उभी राहिली.

“पॅसेज कुठाय गं?” तिने विचारलं.

चाळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाहेरून धावणारी लाकडी गॅलरी येते. ती गिरगावातली. बीडीडीची बांधणी निराळी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२०मध्ये, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापन झालं आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले. एका मजल्यावर वीस खोल्या, दहा इकडे, दहा तिकडे, आणि मधून आरपार गेलेला पॅसेज. खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांचे मिळून. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने वरळीच्या याच चाळींत सत्याग्रहींना कोंडलं होतं. समोरासमोरची दारं आणि मधला सरळ बोळ पहारेकऱ्याला सोयीचा. पुढे तोच बोळ मुलांचं अंगण झाला, बायकांचं निवडण-टिपण तिथेच आणि रात्रपाळीहून आलेल्या माणसांची पथारीही तिथेच.

कुणी गळक्या छपराची आणि संडासाच्या रांगेची आठवण काढली, तर तिघी लगेच मान डोलावतात. ते दिवस परत यावेत असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नाही. त्यांना हवी आहे ती फक्त एक रात्र, १९८३च्या मे महिन्यातली.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि सव्वा वर्षानंतरही गिरण्यांचे भोंगे पूर्वीसारखे वाजत नव्हते. तशात आता नालासोपाऱ्याला असलेल्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. वडील गिरणीतले. हळदीला बेंजो पार्टी सांगायची म्हणजे हातगाडी, कर्णा, बॅटरी, ताशा आणि पाच-सहा माणसांची बिदागी. वडिलांनी बेंजो नको म्हणून सांगून टाकलं. मुलगी गप्प राहिली, तरी डोळ्यांतलं पाणी मैत्रिणींना दिसायचं ते दिसलंच.

मुंबईत ज्याला बेंजो म्हणतात, त्याचा चामडं मढवलेल्या अमेरिकन बँजोशी काहीही संबंध नाही. हा बुलबुल तरंग. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. मूळ वाद्य जपानचं. नागोया शहरातल्या मोरिता गोरो यांनी ते १९१२मध्ये बनवलं. जपानी त्याला ‘ताइशोगोतो’ म्हणतात. सातासमुद्रापलीकडून ते इथे आलं आणि कोळीवाड्यांतल्या हळदींत, गणपतीच्या मिरवणुकांत असं रुळलं, की ते परकं आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही.

तिसऱ्या मजल्यावर असा एक बेंजो होता. तो वाजवणारे तात्या गुहागरकडचे. गिरणीच्या साचे खात्यात होते, तेव्हा संपावर. त्या रात्री आठच्या सुमाराला ते एकटेच बेंजो काखेत मारून आले आणि पॅसेजच्या मधोमध पाटावर बसले.

“कर्णा नको, करंट नको,” ते म्हणाले. “दारं तेवढी उघडी ठेवा.”

वीस दारं उघडली. कर्ण्याशिवाय बेंजोचा आवाज केवढासा असणार! पण दोन्हीकडच्या भिंतींनी तो धरला आणि टोकापर्यंत नेला. कुणीतरी पत्र्याचा डबा घेतला, कुणी झांज काढली. बायकांनी पदर खोचले. हळदीने माखलेली नवरी आणि तिच्या दोन मैत्रिणी या टोकाकडून त्या टोकापर्यंत नाचत गेल्या आणि तशाच परत आल्या. वाटेत दर दारातून एकेक जण सामील होत गेली. तात्या नाचणाऱ्यांकडे बघून वाजवायचे. दम लागलेला दिसला की लय उतरवायचे. पाय पुन्हा उचलले की शेवटची ओळ तीन-तीनदा घ्यायचे.

नवरीची आजी मात्र खोलीच्या आतच उभी होती. ती विधवा, आणि हळदीत विधवेने पुढे यायचं नाही हा रिवाज. तिनेच नातीला मांडीवर वाढवलेलं, तरी तिचा हात त्या दिवशी हळदीला लागला नव्हता. तात्यांनी काय ओळखलं कोण जाणे. त्यांनी चाल बदलली आणि गावाकडच्या फुगडीची संथ लय धरली. दोघी मैत्रिणी आत गेल्या आणि आजीचे दोन्ही हात धरून तिला उंबऱ्याबाहेर घेऊन आल्या. क्षणभर पॅसेज स्तब्ध झाला. मग आजीने पाय जुळवले, अंग मागे टाकलं आणि नातीबरोबर फुगडी घातली. हळद तिच्या पांढऱ्या केसांना लागली, ती कुणी पुसली नाही.

जेवायला काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे होते. त्या रात्रीचा एकही फोटो नाही. कॅमेरा मजल्यावर कुणाकडेच नव्हता. ही सल तिघींच्याही मनात आहे.

त्यानंतर बेचाळीस वर्षांत एकही मे महिना त्या भेटल्याशिवाय गेला नाही. आधी कडेवर मुलं होती, मग सुना आल्या, आता नातवंडं असतात. घरोघरच्या हळदींत हळूहळू डीजे आला. डीजे नाचणाऱ्याचं तोंड बघत नाही आणि म्हातारीसाठी लय उतरवत नाही. तात्या गेले. त्यांचा बेंजो गावच्या घरी माळ्यावर आहे, दोन तारा तुटलेल्या.

वरळीच्या जुन्या चाळी एकेक करून पडत आहेत. शिवडीच्या बारा चाळी बंदराच्या जमिनीवर असल्याने त्यांचा निर्णय मागे राहिला. तिथे पॅसेज अजून आहेत, समोरासमोरची दारं आहेत. तिथल्या कुणाच्या घरी येत्या उन्हाळ्यात हळद असेल तर डीजे सांगू नका. बेंजो सांगा, कर्ण्याशिवाय, आणि वरच्या मजल्यावर वाजवायला बसवा. आजीला आधी बाहेर आणा. आणि एक फोटो काढा.