बारा मीटर

पोहायला मी पंचगंगेत शिकले, आणि शिकले ती तिच्या पायांमागे. घाटावरून पहिली उडी तिचीच. तिच्या पायांचा फेस दिसतोय तोवर आपण बुडत नाही, एवढंच मला कळायचं. पुढं शाळेच्या, जिल्ह्याच्या स्पर्धांतही बहुधा तीच पुढं असायची, क्वचित मी.

मग लग्नं, नोकऱ्या, बदल्या. ती पुण्याला गेली, मी कोल्हापुरातच राहिले. भेटी घटल्या, पण पहाटे सायकलवर जोतिबाचा चढ चढताना ती आत्ता कुठल्या वळणावर असती, याचा अंदाज मी बांधायचेच. समोर नसलेलं माणूस असं वर्षानुवर्षं आपला वेग ठरवत राहतं. माझ्या दमाबद्दल घरच्यांना ठाऊक नाही ते तिला ठाऊक आहे: माझी मान डावीकडे कलली की माझं संपत आलेलं असतं.

चाळिशीनंतर आम्ही दोघी ट्रायथलॉनकडे वळलो. हंगामातली शेवटची शर्यत गोव्याची, मिरामारची. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर धावायचं. या शर्यतीचे नियम मला फार आवडतात. पाण्यात पुढच्याच्या पायांमागे राहिलेलं चालतं. त्यानं कापलेल्या पाण्यात आपली ताकद वाचते. सायकलवर तेच केलं तर दंड. तिथं पुढच्या सायकलपासून 12 मीटर दूर राहायचं, वारा आपला आपण झेलायचा. धावताना मात्र पुन्हा खांद्याला खांदा लावता येतो.

हवाईत कोना इथं 1989 साली झालेली आयर्नमॅन जागतिक स्पर्धा मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. डेव्ह स्कॉट सहा वेळचा विजेता, आणि मार्क ॲलन त्याला तिथं कधीच हरवू न शकलेला. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर मॅरेथॉन, जवळजवळ सगळा वेळ दोघं एकमेकांच्या आसपास. शेवटच्या चढावर ॲलन सुटला आणि 8 तास 9 मिनिटं 15 सेकंदांत जिंकला. स्कॉट 58 सेकंद मागे. पण तिथला जुना विक्रम, जो स्कॉटचाच होता, दोघांनीही 18 मिनिटांहून अधिक फरकानं मोडला. याला स्कॉटचा पराभव म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकटा धावून त्या दोघांतल्या कुणालाही ती वेळ जमली नसती, असं मी ठामपणे मानते.

मिरामारला दमट उन्हात मी तिला शेवटच्या पाण्याच्या टेबलाशी गाठलं. “आलीस होय?” एवढंच ती म्हणाली. पुढं बराच वेळ आम्ही बरोबरीनं धावलो, न बोलता. तिचा श्वास मला ऐकू येत होता, माझा तिला. मग माझी मान कलली असणार, कारण तिनं नेमका त्याच क्षणी वेग वाढवला. मला राग आला नाही. तिनं दया दाखवली असती, तर आला असता. मी होतं नव्हतं ते सगळं पायांत ओतलं, तरी ती हाती लागली नाही.

निकाल हाती आल्यावर तिनं आधी माझी धावण्याची वेळ पाहिली, मग स्वतःची. तोवर मी तिची पाहून घेतली होती.